मागच्या घरातले पेशंट

३ जानेवारी, शुक्रवार

मागच्या घराला अखेर भाडेकरू मिळाले. समर्थने आणले. मी म्हणत होते एखादं कुटुंब ठेव, पोराबाळांचा आवाज येईल. तर म्हणे, "आई, कुटुंबं एकदा घुसली की जागा सोडत नाहीत." स्वतःचं कुटुंब घेऊन तो धनकवडीच्या फ्लॅटमध्ये राहतो. आंबेगावात मी आणि ही दोन घरं.

व्यसनमुक्ती केंद्र येणार आहे. जिचा नवरा दारूने गेला, तिच्याच अंगणात व्यसनमुक्ती केंद्र. देवाला विनोद कळतो, वेळ कळत नाही.

प्रमुखांचं नाव दिगंबर. पन्नाशीचे, सडपातळ, बोलणं इतकं हळू की पुढे वाकून ऐकावं लागतं. बोर्ड लावणार नाही म्हणाले. "पेशंटची बदनामी होते, काकू." मला पटलं. ह्यांना दवाखान्यात नेताना मीसुद्धा रिक्षाचे पडदे सोडून घेत असे.

समर्थ खुशीत आहे. ग्राउंडवरच्या मारामारीत त्याच्यावर जी पोलीस केस झाली होती, ती मिटणार म्हणाला. मी देवापुढे साखर ठेवली.

८ जानेवारी, बुधवार

दुसऱ्याच्या घरात डोकावू नये हे मला माहीत आहे. पण धुण्याचा दगड त्या भिंतीलाच लागून आहे, त्याला मी काय करू?

तर पाहिलं ते असं. पेशंट पडदे लावलेल्या गाडीतून येतात, डोक्यावर काळं कापड घालून. बदनामी नको म्हणून, हे ठीक. पण भेटायला कुणाचंच माणूस येत नाही. आमच्या ह्यांच्या वेळी मी रोज डबा घेऊन जायची. टीव्ही दिवसभर मोठ्याने चालू. औषधांचा कचरा दिसत नाही, नुसते चहाचे कप आणि हॉटेलची पार्सलं. काम करणारी चार-पाच पोरं दणकट, केस बारीक कापलेले आणि सगळ्यांचे बूट एकसारखे, चॉकलेटी. केंद्राचा गणवेश असेल.

आज दिगंबर साहेबांना विचारलं, "खिडकीतून एक उंच मुलगा सकाळपासून भिंतीकडे तोंड करून उभा दिसतो. बसवत का नाही त्याला?"

"शिस्त लागते, काकू."

"आणि झोप? आमच्या डॉक्टरांनी तर ह्यांना झोपू द्या म्हणून सांगितलं होतं."

"प्रत्येकाची पद्धत वेगळी असते," म्हणाले. मग माझ्या नवऱ्याबद्दल विचारत राहिले. कधीपासून प्यायचे, खोटं बोलायचे का, खोटं बोलताना मला कसं कळायचं. इतक्या आस्थेने आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं, खोटं बोलताना माणूस आधी पायांकडे बघतो. ते हसले. "हे लक्षात ठेवतो," म्हणाले.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ घेऊन मागे गेले. दारातच डबा काढून घेतला, आत या म्हणाले नाहीत. असो. गोड बोला म्हणायचं, ते मी माझं बोलून आले.

दुपारी कपडे वाळत घालत होते तर न्हाणीघराच्या जाळीतून आवाज आला. "काकू."

वर पाहिलं. पोरगा पंचवीस-सव्वीसचा, निळा चौकड्यांचा शर्ट. डाव्या भुवईत जुनी खोक, त्याच बाजूचा डोळा सुजलेला. पडला असेल; ह्यांचंही तसंच व्हायचं.

"काकू, ही जागा कुठली?"

"आंबेगाव. कात्रजजवळ."

"आज काय आहे?"

"संक्रांत आहे रे."

तो ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजू लागला. मग घाईघाईने म्हणाला, "माझं नाव तौफिक. मार्केट यार्डात कामाला आहे. अम्मीला सांगा की मी—"

"धीर धर, बाळा," मी म्हटलं. "सुटेल दारू."

"दारू? काकू, मी आयुष्यात दारूला हात नाही लावला."

"सगळेच असं म्हणतात," मी म्हटलं. आणि ते खरंच आहे. हे तर हातात बाटली धरून म्हणायचे.

माझ्या ओच्यात तिळाच्या दोन वड्या होत्या. दगडावर चढून जाळीतून दिल्या. त्याने दोन्ही हात एकदम पुढे केले, प्रसाद घेताना करतात तसे. संस्कार चांगले आहेत घरचे. वडी लगेच तोंडात टाकली. तेवढ्यात आतून कुणीतरी हाक मारली आणि तो दिसेनासा झाला.

संध्याकाळी मी दिगंबर साहेबांना मुद्दाम सांगितलं की त्या पोराला आईची आठवण येते, तिला कळवा. न्हाणीच्या जाळीतून बोलला माझ्याशी, बरा वाटतो. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बरं झालं सांगितलंत," म्हणाले.

१५ जानेवारी, बुधवार

न्हाणीच्या जाळीला बाहेरून प्लायवूड ठोकलंय.

दुपारी टीव्हीच्या वर आवाज येत होता. दारू सुटताना माणूस असा ओरडतो हे मी ऐकलेलं आहे, तरी घरात बसवेना. कपडे न वाळवताच बादली आत आणली.

२७ जानेवारी, सोमवार

केंद्र गेलं. काल शाळेत झेंडावंदन झालं, त्याचे लाडू मी आज त्यांना द्यायला निघाले तर सामान गाडीत चाललेलं. दुपारी जेवणाच्या सुमारास शेवटचा पेशंट बाहेर काढला. डोक्यावर कापड होतं, पण निळा चौकड्यांचा शर्ट तोच, संक्रांतीचा. पाय ओढत चालत होता. मी म्हटलं, "सुखरूप घरी जा रे, बाळा." ते कापडातलं डोकं माझ्या आवाजाकडे वळलं.

दिगंबर साहेब म्हणाले, "तुमची फार मदत झाली, काकू."

मागे जाऊन पाहिलं. फरशी लखलखीत, फिनेलचा वास. इतकी स्वच्छ जागा सोडणारे भाडेकरू पुण्यात मी पहिल्यांदाच पाहिले.

२८ जानेवारी, मंगळवार

पेपरात पहिल्याच पानावर आहे. काल संध्याकाळी खडकी स्टेशनबाहेर सापळा रचून एका दहशतवाद्याला पकडलं. मार्केट यार्डातल्या एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे नोकरीला. पिशवीत स्फोटकं मिळाली. नाव तौफिक. फोटो ओळखपत्रावरचा असावा, पण भुवईतली खोक स्पष्ट दिसते.

काल दुपारी तर तो इथून गेला. दुपारी पेशंट आणि संध्याकाळी दहशतवादी? ज्याला धड चालता येत नव्हतं, तो खडकीला स्फोटकांची पिशवी घेऊन कसा गेला?

समर्थला फोन केला. तो म्हणाला, "आई, चेहरे सारखे असतात. पेपर ठेव बाजूला."

"नावही सारखं?"

"ठेव म्हटलं ना."

मग मी एक उद्योग केला. पेपरातल्या छोट्या जाहिरातीत सापडलेल्या एका खऱ्या व्यसनमुक्ती केंद्राला फोन लावला. विचारलं, तुम्ही पेशंटला काळं कापड घालता का? भिंतीकडे तोंड करून उभं करता का? पलीकडच्या बाई म्हणाल्या, "मॅडम, तुम्हाला केंद्र हवंय की पोलीस?"

मी फोन ठेवला.

९ फेब्रुवारी, रविवार

बारा दिवस काही लिहिलं नाही.

आज सकाळी फाटकाशी दोन बायका आल्या. एक तरुण, स्कूटरवर, गळ्यात पांढरा बँड नव्हता तरी वकील वाटणारी. नाव स्वराली. दुसरी माझ्याच वयाची, बुरखा, पायांत साध्या चपला. वकीलबाईंनी विचारलं, "मावशी, इथे सिंहाची डरकाळी ऐकू येते का?"

मी म्हटलं, "पहाटे येते. प्राणिसंग्रहालय जवळच आहे. का हो?"

त्या दोघींनी एकमेकींकडे बघितलं. त्या चार दिवस अशाच फिरत होत्या. डोळे बांधलेल्या तौफिकला डरकाळी ऐकू यायची, एवढंच त्याने त्यांना सांगितलं होतं. आंबेगावचं नाव नाही सांगितलं. मी म्हटलं, "मी त्याला गावाचं नाव सांगितलं होतं की."

म्हणजे मीच बोलून गेले. आता मागे फिरणं नव्हतं.

"त्याला वाटलं तुम्हीही त्यांच्यातल्याच," स्वराली म्हणाली. "ऐकलेलं नाव खरं असेल यावर त्याचा विश्वास नाही."

आत बोलावलं. तिने समजावून सांगितलं, अगदी शाळेतल्यासारखं. कुणालाही पकडलं, कितीही मोठा गुन्हा असला, तरी चोवीस तासांत न्यायाधीशांपुढे उभं करावं लागतं. तौफिकला जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात यार्डाच्या फाटकातून उचललं. आई पोलीस चौकीत गेली, ते म्हणाले आमच्याकडे नाही. दुसरीकडे गेली, तिथेही नाही. "कागदावर त्याची अटक सत्तावीसच्या संध्याकाळची आहे. त्याच्या आधी तो कुठे होता, हे सांगणारं कुणी नाही. कुठल्या खात्याने नेला, तेही नाही."

"मागे व्यसनमुक्ती केंद्र होतं," मी म्हटलं.

तौफिकची आई, अमिनाबी, तोवर काही बोलल्या नव्हत्या. म्हणाल्या, "बाई, माझा मुलगा पानसुद्धा खात नाही."

मी सगळं सांगितलं. न्हाणी, संक्रांत, प्लायवूड, निळा शर्ट. मी दिगंबरला जाऊन काय सांगितलं, तेही. दोन्ही हात एकदम पुढे का आले, ते सांगताना कळलं. प्रसाद नव्हता तो. बाह्यांखाली बेडी होती.

वकीलबाई भराभर लिहून घेत होत्या. अमिनाबींनी एकच विचारलं, "खाल्ला का त्याने तिळगूळ?"

"हो. लगेच."

त्यांनी मान हलवली, आणि मग पदरासारखा बुरखा तोंडावर ओढून घेतला.

१० फेब्रुवारी, सोमवार

समर्थ आला. मी न्यायाधीशांपुढे सांगणार आहे म्हटल्यावर खुर्चीवरून उठलाच.

"आई, तुला काय करायचंय? आणि तो खरंच अतिरेकी असेल तर? उद्या स्वारगेटला स्फोट झाला असता तर?"

"असेल तर शिक्षा होऊ दे. पण मग दुपारी इथे होता, तर संध्याकाळी खडकीला सापडला असं कशाला सांगायचं?"

"ते मोठे लोक आहेत. देशाचं काम करतात."

"तुला माहीत होतं, ते कोण आहेत?"

तो पायांकडे बघून म्हणाला, "नाही."

मी चहा ठेवायला आत गेले. बाहेर आले तेव्हा तो डोकं धरून बसला होता. म्हणाला, "माझी केस परत उघडतील गं. नोकरी जाईल. तुला तुझा मुलगा मोठा की तो?"

मी चहा दिला. तो न पिता गेला.

१ मार्च, शनिवार

आज दिगंबर साहेब आले. एकटे, पायी. मी दार उघडलं आणि नेहमीसारखं "या" म्हटलं. सवयीला काय करणार.

खुर्चीत बसून पाणी प्यायले. थकलेले दिसले. मी म्हटलं, "साहेब, आमच्या ह्यांच्याबद्दल एवढं विचारलंत, ते कशासाठी?"

"खरंच ऐकायचं होतं," म्हणाले. "माझा भाऊ पितो."

हे खरं की खोटं? मी त्यांच्या डोळ्यांकडे पाहत होते. ते माझ्याकडेच बघत होते, पायांकडे नाही. पण ही खूण मीच त्यांना शिकवलेली.

"काकू, जानेवारीत ह्या शहरात काय टळलं ते तुम्हाला कधीच कळणार नाही."

"मग सांगा की. मला फार उत्सुकता आहे."

"सांगता येत नाही."

"न्यायाधीशांना सांगा."

"त्यांनाही नाही."

"मग कुणाला सांगता?"

ह्यावर त्यांनी पेला खाली ठेवला. खरंच विचार करत असावेत. मग म्हणाले, "वरच्यांना."

"आणि ते?"

"त्यांच्या वरच्यांना." स्वतःच जरा हसले. "तुम्ही मागच्या घरी कोण होतं ते नीट पाहिलं नाही, एवढंच म्हणालात तरी पुरे. तुमचं वय झालंय, कुणी दोष देणार नाही. समर्थचंही भलं होईल."

मी म्हटलं, "त्या पोराचा डोळा कुणी सुजवला? तुम्ही का?"

"मी हात उचलत नाही," म्हणाले. उठले. दारात वळून म्हणाले, "भाकऱ्या चांगल्या करता तुम्ही." तेव्हा आठवलं, दोनदा मी त्यांना भाकरी-पिठलं दिलं होतं. आतल्यांना कधी मिळालं का, देव जाणे.

ह्या माणसाचा राग यायला हवा. येतोही. पण त्याच्याहून जास्त मला हे जाणून घ्यायचंय, की घरी गेल्यावर हा बायकोला काय सांगतो.

६ मार्च, गुरुवार

शिवाजीनगर कोर्ट. समर्थ आला नाही. रिक्षाने गेले.

चौकशी बंद दाराआड होती. न्यायाधीश बाई, चष्म्यातल्या, माझ्या सुनेच्या वयाच्या. तौफिकला आणलं होतं. डोळा बरा झालाय. त्याने माझ्याकडे पाहिलं ते अनोळख्यासारखं; जाळीतून, सुजल्या डोळ्याने तेव्हा कितीसं दिसलं असणार. मी बोलायला तोंड उघडलं, "नमस्कार" म्हटलं, आणि त्याची मान झटकन वर आली. आवाजाने ओळखलं.

सरकारी वकिलांनी विचारलं, "तुमचं वय बासष्ट. त्या जाळीतून चेहरा स्पष्ट दिसला?"

"मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. तेव्हापासून नको तेसुद्धा दिसतं."

"तुम्हीच म्हणता तिथे व्यसनमुक्ती केंद्र होतं."

"मला तसं सांगितलं होतं. मी विश्वास ठेवला. आता तुम्ही सांगा काय होतं."

ते म्हणाले, तिथे कुठलं खातं होतं किंवा नव्हतं, हे राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणाने उघड करता येत नाही. बंद पाकीट पुढे केलं. न्यायाधीश बाईंनी ते वाचलं, परत दिलं आणि म्हणाल्या, "खात्याचं नाव मी विचारलेलंच नाही. हा माणूस सत्तावीसच्या दुपारी कुठे होता, एवढंच विचारतेय. ते ह्यात नाही."

मग स्वरालीने दिगंबर साहेबांबद्दल विचारलं. सरकारी उत्तर आलं, त्या नावाचा कुणी अधिकारी नाही. माझ्या खुर्चीत बसून पाणी पिऊन गेलेला माणूस नाहीच म्हणे.

शेवटी बाईंनी मला विचारलं, "तारखेची खात्री कशी?"

"बाई, संक्रांत वर्षातून एकदाच येते. आणि झेंडावंदनाचे लाडू दुसऱ्या दिवशीच शिळे होतात."

बाहेर आले. अमिनाबी बाकावर होत्या. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

२४ एप्रिल, गुरुवार

समर्थची केस उघडली. त्याला नोकरीवरून घरी बसवलंय. सून फोनवर रडली. मी म्हटलं इथे या राहायला. ती म्हणाली, ते येणार नाहीत.

गल्लीतल्या बायका हळदीकुंकवाला बोलवायच्या थांबल्यात. एकीने फाटकातूनच विचारलं, "पाकिस्तानवाल्यांच्या बाजूने साक्ष दिली म्हणे?" मी म्हटलं, "नाही, मार्केट यार्डवाल्यांच्या."

१९ ऑगस्ट, मंगळवार

स्वरालीचा फोन. हायकोर्टाने म्हटलंय की तौफिक सत्तावीसच्या आधीपासून बेकायदा कोठडीत होता, खडकीच्या सापळ्यावर विश्वास ठेवता येत नाही. जामीन दिला. खटला मात्र चालू राहणार. जबाबदार कोण, ह्याची चौकशी करा म्हणून सांगितलंय. चौकशी कोण करणार, विचारलं. ती म्हणाली, "तेच खातं, मावशी."

२१ सप्टेंबर, रविवार

आज तौफिक आला, आईबरोबर. फाटकात उभा राहून म्हणाला, "काकू, ती खोली बघायची होती. मी कधी पाहिली नाही. डोळ्यांवरची पट्टी फक्त न्हाणीत काढायचे."

मी किल्ली काढली. अमिनाबी बाहेर पायरीवरच थांबल्या, आत येणार नाही म्हणाल्या.

आत तो मधोमध उभा राहिला. सगळीकडे बघितलं. खिडकी, पंखा, पिवळा डिस्टेंपर. "ही नव्हे," म्हणाला. "ती खूप मोठी होती."

मग त्याने डोळे मिटले. हात भिंतीला लावून सावकाश चालू लागला. कोपऱ्यात वळला, चार पावलं टाकून थांबला, खाली बसला आणि हाताने फरशी चाचपली. एक फरशी तिथे किंचित वर आलेली आहे. मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. डोळे न उघडता म्हणाला, "हीच."

मी त्याच्यासमोर फरशीवरच बसले. कितीतरी दिवस जे विचारायचं होतं ते विचारलं. "काय विचारत होते रे तुला इतके दिवस?"

"एकच. तुझ्यावरचा माणूस कोण, नाव सांग." त्याने डोळे उघडले. "माझ्यावर ट्रान्सपोर्टचे मालक. त्यांचं नाव सांगितलं, तर मारलं. माहीत नाही म्हटलं, तर मारलं. शेवटी मी एक नाव सांगितलं."

"कुणाचं?"

"कुणाचंच नाही. बनवलं मी. पहिलं नाव एकाचं, आडनाव दुसऱ्याचं. जे सुचलं ते. त्यांनी लिहून घेतलं आणि मला झोपू दिलं." त्याने ती वर आलेली फरशी अंगठ्याने दाबली. "काकू, पुणे केवढं मोठं. त्या नावाचा कुणीतरी असेलच ना?"

ते नाव त्याने मला सांगितलं. साधंच आहे. इथे लिहिणार नाही.

ते गेल्यापासून मी तेच घोकतेय. असा माणूस असेल का? रिक्षा चालवत असेल, की शाळेत शिकवत असेल? आणि आज रविवारी संध्याकाळी तो आपल्या घरी जेवायला बसला असेल ना?